विश्लेषण : इंजिनात मोठा पिस्टन, आरसीवर जुनाच आकडा; बाइकची ‘सीसी’ वाढवणे का महागात पडते?

प्रत्येक दुचाकीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, इंजिनाच्या क्षमतेचा एक रकाना असतो. ९७, १४९, ३४९ असा काहीतरी आकडा तिथे छापलेला असतो आणि बहुतेक मालक तो एकदा पाहून विसरतात. पण जीएसटीचा दर, महाराष्ट्रातील मोटार वाहन कर, विम्याचा हप्ता हे सारे याच आकड्यावर ठरते. गंमत अशी, की गॅरेजमध्ये ब्लॉक काढून मोठा पिस्टन बसवला की हा आकडा एका दिवसात बदलतो. बाहेरून बाइक तशीच दिसते, इंजिन क्रमांक तोच राहतो आणि कागदावरचा आकडाही. जीएसटीच्या नव्या दरांनी ३५० सीसीची रेषा अचानक फार महत्त्वाची केली असताना या जुन्या ‘जुगाडा’मागचे तंत्र, कायदा आणि धोके काय आहेत, हे समजून घेऊ.

३५० सीसीची चर्चा आता का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकींवरील जीएसटीचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीपेक्षा मोठ्या बाइकवर आधी २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर, असे एकूण ३१ टक्के द्यावे लागत. त्यावर आता थेट ४० टक्के कर आहे. म्हणजे रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे असलेला फरक ३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेला.

रुपयांत सांगायचे तर, करापूर्वीची किंमत २ लाख रुपये असलेल्या बाइकवर आधी ५६ हजार किंवा ६२ हजार रुपये कर होता. सहा हजारांचा फरक. आता तोच कर ३६ हजार किंवा ८० हजार रुपये आहे. फरक ४४ हजारांचा. रॉयल एनफिल्डचे सिद्धार्थ लाल यांनी सर्व दुचाकींवर सरसकट १८ टक्के जीएसटी लावावा, अशी मागणी जाहीरपणे केली होती. ती मान्य झाली नाही. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या केटीएम ३९० आणि ट्रायम्फ स्पीड ४०० यांसारख्या बाइक या रेषेच्या पलीकडे गेल्या.

अशा वेळी एक हिशेब कोणाच्याही डोक्यात येऊ शकतो. ‘३४९ सीसीची बाइक १८ टक्के कर भरून घ्यायची आणि वॉरंटी संपली की मोठा पिस्टन टाकायचा.’ कागदावर ३४९, रस्त्यावर ४००. हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. त्यात न धरलेले खर्च पुढे येतात.

‘सीसी’ म्हणजे नेमके काय?

सीसी म्हणजे क्युबिक सेंटिमीटर, घन सेंटिमीटर. पिस्टन सिलिंडरमध्ये खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरकताना जेवढी जागा व्यापतो, तेवढी इंजिनाची क्षमता. ती काढायला शाळेतले दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र पुरते. सिलिंडरच्या व्यासाला बोअर म्हणतात आणि पिस्टनच्या एका फेरीच्या लांबीला स्ट्रोक.

हिरो स्प्लेंडरचे उदाहरण घेऊ. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. त्रिज्या २.५ सेंटिमीटर, तिचा वर्ग ६.२५, त्याला पायने आणि ४.९५ सेंटिमीटर स्ट्रोकने गुणले की येतात ९७.२ सीसी. म्हणजे आरसीवरचा आकडा.

आता या सूत्रातली खरी मेख पाहा. स्ट्रोक साधा असतो, पण त्रिज्येचा वर्ग होतो. त्यामुळे स्ट्रोक २ मिलिमीटरने वाढवला तर इंजिन १०१ सीसीचे होते. बोअर तेवढाच वाढवला तर १०५ सीसीचे. शिवाय स्ट्रोक वाढवायचा तर क्रँकशाफ्ट बदलावा लागतो, त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते. बोअर वाढवायला वरचा ब्लॉक आणि पिस्टन बदलला की झाले. क्षमता वाढवू पाहणारे पिस्टनच्या मागे का लागतात, याचे उत्तर या दोन वाक्यांत आहे.

कंपन्या स्वतः हेच करत नाहीत का?

करतात, आणि त्याची उत्तम उदाहरणे भारतातच आहेत. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३५० सीसी बुलेटचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर होता. क्षमता ३४६ सीसी. त्याच कंपनीच्या ५०० सीसी इंजिनाचा स्ट्रोकही ९० मिलिमीटरच होता, फक्त बोअर ८४ मिलिमीटर. क्षमता ४९९ सीसी. फरक होता तो १४ मिलिमीटर मोठ्या पिस्टनचा. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा नियम लागू होत असताना कंपनीने ५०० सीसीच्या बुलेट आणि क्लासिक बंद केल्या.

दुसरे उदाहरण यामाहाचे. १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली आरएक्स १०० अजूनही जपून ठेवणारे कमी नाहीत. तिचा बोअर ५० आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर, क्षमता ९८ सीसी. नंतरच्या आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच, बोअर ५८ मिलिमीटर, क्षमता १३२ सीसी. त्यामुळेच ‘१००ला १३५चा ब्लॉक’ हा प्रयोग गॅरेजांमध्ये इतका रूढ झाला.

पण कंपनीचा मोठा पिस्टन आणि गॅरेजचा मोठा पिस्टन यांत मोठे अंतर आहे. क्लासिक ३५० ची कमाल शक्ती १९.८ अश्वशक्ती आणि टॉर्क २८ न्यूटन मीटर होता. क्लासिक ५०० मध्ये ते आकडे २७.२ आणि ४१.३ झाले. क्षमता ४४ टक्के वाढली, तर टॉर्क जवळपास ४७ टक्के आणि शक्ती ३७ टक्के. हे केवळ पिस्टनमुळे झाले नाही. ३५० मध्ये कार्ब्युरेटर असताना ५०० ला इंधन इंजेक्शन दिले होते. आणि ते इंजिन त्या क्षमतेसाठी आखून, चाचण्या घेऊन, उत्सर्जनाचे प्रमाणपत्र मिळवून बाजारात आले होते.

मग गॅरेजमध्ये हेच केले तर काय बिघडते?

पहिली गोष्ट, सिलिंडरची भिंत. बोअर ६ मिलिमीटरने वाढवला की चारही बाजूंनी ३ मिलिमीटर धातू कमी होतो. मूळ ब्लॉकमध्येच बोअर मारून एवढी जागा केली तर भिंत पातळ होते. पातळ भिंत तापल्यावर सगळीकडे सारखी फुगत नाही. सिलिंडर गोल राहत नाही, रिंगा नीट टेकत नाहीत, ऑइल वर चढते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. म्हणूनच मोठ्या वाढीसाठी नवा ब्लॉक आणि पिस्टन असे किट वापरतात. तेव्हाही प्रश्न संपत नाही.

दुसरी गोष्ट, कॉम्प्रेशन. पिस्टन खालून वर येताना पेट्रोल-हवेचे मिश्रण हेडमधल्या छोट्या पोकळीत दाबतो. समजा, ३४६ सीसीच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन प्रमाण ८.५ आहे. याचा अर्थ ती पोकळी सुमारे ४६ सीसीची आहे. आता बोअर ७० वरून ७६ मिलिमीटर केला तर क्षमता होते ४०८ सीसी. हेड तेच, पोकळी तीच. पण कॉम्प्रेशन ८.५ वरून ९.८ च्या वर जाते. साध्या पेट्रोलवर, उन्हाळ्यात, चढावर, मागे माणूस बसलेला असताना हे मिश्रण ठिणगी पोहोचण्यापूर्वीच ठिकठिकाणी पेटू शकते. चालवणाऱ्याला इंजिनातून टकटक ऐकू येते. ती फार काळ चालू राहिली तर पिस्टनचा माथा झिजतो, प्रसंगी त्याला भोक पडते. हे टाळायला वरून खोलगट पिस्टन किंवा जाड गॅस्केट लागते. किट बनवणाऱ्याने तो हिशेब केला आहे का, हे पॅकेटवर लिहिलेले असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट, मिश्रण. मोठे सिलिंडर जास्त हवा ओढते, त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त हवे. जुन्या बाइकमध्ये कार्ब्युरेटरचे जेट बदलून मिस्त्री ते जमवू शकतो. भारत स्टेज सहाच्या बाइकमध्ये पेट्रोल किती सोडायचे हे संगणक ठरवतो. त्याच्याजवळचा तक्ता मूळ क्षमतेसाठी तयार केलेला असतो. ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने तो थोडेफार जुळवून घेतो, पण त्याला मर्यादा आहे. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेसाठी इंधन अधिक सोडावे लागते. संगणकाकडची मोकळीक आधीच थोडी खर्ची पडलेली असते. पेट्रोल कमी पडले की इंजिन जास्त तापते.

चौथी गोष्ट, उष्णता आणि भार. जास्त इंधन जळले की जास्त उष्णता तयार होते. ती बाहेर टाकणारे पंखे किंवा रेडिएटर मात्र मूळ मापाचेच असतात. दाब तोच धरला तरी पिस्टनवरचे बल त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. ७० ऐवजी ७६ मिलिमीटरचा पिस्टन कनेक्टिंग रॉडवर सुमारे १८ टक्के अधिक जोर टाकतो. रॉड, क्रँकचे बेअरिंग, क्लच आणि गिअर मात्र जुन्या जोरासाठी बनवलेले असतात. पिस्टन जड झाला तर क्रँकचा तोलही बिघडतो आणि हँडलपर्यंत थरथर जाणवते.

पाचवी गोष्ट इंजिनाबाहेरची. ब्रेक, टायर, सस्पेन्शन आणि सांगाडा कंपनीने ठरावीक शक्ती आणि वेग धरून निवडलेला असतो. बाइक पळू लागली म्हणून ती थांबूही लागेल, असे नाही.

आणि एवढे करून मिळते काय? खालच्या वेगात ओढ नक्कीच वाढते. पण हेडमधले व्हॉल्व्ह आणि हवेचे मार्ग तेच राहिले तर वरच्या वेगात इंजिनाला श्वास पुरत नाही. त्यामुळे सीसी जेवढ्या टक्क्यांनी वाढते, तेवढ्या टक्क्यांनी कमाल शक्ती वाढत नाही.

दुरुस्तीत बोअर मारतात, तो गुन्हा आहे का?

इथे गफलत होते, म्हणून फरक स्पष्ट हवा. इंजिन झिजले की ब्लॉकला बोअर मारून ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १ मिलिमीटर मोठा पिस्टन टाकणे ही जुनी आणि मान्य दुरुस्ती आहे. अशा ‘ओव्हरसाइज’ पिस्टनचा हेतू शक्ती वाढवणे हा नसून झीज भरून काढणे हा असतो.

तरीही सूत्र कोणाला सोडत नाही. ७० मिलिमीटरच्या बुलेटला अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला, की क्षमता ३४६ वरून ३५१ सीसी होते. एक मिलिमीटर मोठा टाकला तर ३५६. म्हणजे एरवी पूर्ण प्रामाणिक दुरुस्तीनेही बुलेट ३५० ची रेषा ओलांडते! अर्थात, त्यासाठी कोणी आरसी बदलायला जात नाही आणि कोणी विचारतही नाही. व्यवहारात निर्मात्याने ठरवून दिलेल्या दुरुस्तीच्या मर्यादेत केलेले काम ते दुरुस्ती, आणि क्षमता वाढवण्यासाठी त्या मर्यादेपलीकडे केलेले काम तो बदल, असाच फरक करावा लागतो. पण ३५० वर आखलेली रेषा किती नाजूक आहे, ते या अर्ध्या मिलिमीटरवरून कळते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतील तपशील विसंगत ठरेल, असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. इंजिनाची क्षमता हा आरसीतलाच तपशील आहे. याच कलमात इंजिनात बदल करण्याची एक वाट ठेवली आहे, पण ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर वाहन चालवण्यासाठी ठरावीक अटींनुसार बसवायच्या किटसाठी आहे. अपंग व्यक्तींसाठी वाहन जुळवून घेण्याचीही तरतूद आहे. शक्ती वाढवण्यासाठी तशी वाट नाही.

जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अधिक स्पष्ट केले. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही, कारण त्या तपशिलांसह वाहनाच्या नमुन्याची चाचणी होऊन त्याला मान्यता मिळालेली असते, असा त्या निकालाचा गाभा आहे. तो वाद वाहनाच्या बांधणीविषयी होता, तरी तत्त्व इंजिनालाही लागू पडते.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ अ नव्या रूपात आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द महत्त्वाचे. मोठा पिस्टन, आवाज करणारा सायलेन्सर आणि बदललेला संगणक हे तीन बदल मोजले जाऊ शकतात. याशिवाय कलम ५३ नुसार, वाहन सार्वजनिक ठिकाणी धोकादायक वाटल्यास किंवा कायद्यातील अटी पाळत नसल्यास नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार आरटीओला आहे.

पण हे पकडले जाते का?

सहसा नाही. इंजिन क्रमांक खालच्या क्रँककेसवर कोरलेला असतो. ब्लॉक आणि पिस्टन त्याच्या वर बसतात. ते बदलले तरी क्रमांक जागेवर राहतो. वाहतूक पोलीस सायलेन्सरचा आवाज ऐकून गाडी अडवू शकतात; पिस्टन त्यांना दिसत नाही. पीयूसी चाचणीत दुचाकीचे इंजिन जागेवर चालू ठेवून धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जाते, क्षमता नाही. खासगी दुचाकीची आरटीओत सविस्तर तपासणी नोंदणीच्या वेळी होते, त्यानंतर थेट १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला. तेव्हाही इंजिन कोणी उघडत नाही.

याउलट शर्यतींच्या मैदानावर गट सीसीनुसार पाडलेले असतात, म्हणून विजेत्याचे इंजिन उघडून बोअर आणि स्ट्रोक मोजला जाऊ शकतो. जिथे चषकाचा प्रश्न आहे तिथे पिस्टन मोजतात. जिथे रस्त्यावरून चालणाऱ्यांचा प्रश्न आहे तिथे कागदावरचा आकडा खरा धरतात.

मग उघडकीस कधी येते? बहुधा सर्वांत वाईट वेळी. इंजिन निकामी झाल्यावर वॉरंटीसाठी कंपनीच्या केंद्रात उघडले जाते तेव्हा. किंवा मोठ्या अपघातानंतर, विमा कंपनीचा सर्वेक्षक आणि आरटीओचा निरीक्षक बाइकपाशी उभे असतात तेव्हा.

विम्याचे काय होते?

तृतीय पक्ष विम्याचा हप्ता सीसीवर ठरतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला १,३६६ रुपये, तर ३५० सीसीच्या वर २,८०४ रुपये. म्हणजे रेषा ओलांडली की हप्ता दुपटीहून अधिक. १४९ सीसीची बाइक १७० ची केली तर तोच आकडा ७१४ वरून १,३६६ वर जायला हवा. बदल लपवला तर कंपनी एका धोक्याचे पैसे घेते आणि दुसराच धोका उचलते.

याचे परिणाम दोन पातळ्यांवर होतात. पहिला, स्वतःच्या बाइकच्या नुकसानीचा. न कळवलेल्या बदलाचे कारण देऊन कंपनी असा दावा नाकारू शकते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. बाइकची धडक बसून कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर भरपाई लाखोंत असते. महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, हा बचाव कायद्याने विमा कंपनीला उपलब्ध आहे. तो मान्य झाला तर काय? पॉलिसीच्या अटी मोडल्याच्या अनेक प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावतात आणि नंतर ते वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. म्हणजे पीडिताचे पैसे सुटले तरी मालक सुटत नाही. ४४ हजारांच्या बचतीचा हिशेब इथे कोसळतो. आणि पूर्ण भरपाईसाठी पीडिताच्या कुटुंबाला मालकाच्या खिशाकडे बघत बसावे लागले, तर चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, असे होते. त्या कुटुंबाचा पिस्टनशी काहीही संबंध नसतो.

जुनी बाइक घेताना काय पाहावे?

मोठा पिस्टन टाकलेली बाइक विकली जाते तेव्हा तिच्यासोबत हा सगळा धोका नव्या मालकाकडे येतो. आरसी त्याच्या नावावर होते, म्हणजे जबाबदारीही. म्हणून काही गोष्टी पाहाव्यात. ब्लॉकचा रंग आणि घडण बाकीच्या इंजिनापेक्षा नवी किंवा वेगळी दिसते का? ब्लॉकच्या वरच्या-खालच्या सांध्यांवर गॅस्केट बदलल्याच्या खुणा आहेत का? थोड्या चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन टकटक करते का? गरम झाल्यावर निळसर धूर येतो का? शंका असेल तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि कंपनीच्या सेवा पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. इंजिनाचे काम झाले असेल तर त्याची बिले मागावीत. बिलावर पिस्टनचे माप लिहिलेले असते. ‘इंजिन एकदम कडक बनवलंय’ असे विकणारा अभिमानाने सांगत असेल, तर ‘म्हणजे नेमके काय केले?’ हा प्रश्न तिथेच विचारावा.

इतर देशांत काय पद्धत आहे?

ब्रिटनमध्ये इंजिनाची क्षमता बदलली तर मालकाने वाहन नोंदणी यंत्रणेला पुराव्यासह कळवून नवा आकडा प्रमाणपत्रावर नोंदवून घ्यावा लागतो. म्हणजे बदलाला दार आहे, पण त्यावर नोंदवही ठेवली आहे. ब्रिटन आणि युरोपात परवान्याचे टप्पेही केवळ सीसीवर नाहीत. सुरुवातीचा परवाना १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, तर मधला टप्पा ३५ किलोवॅट शक्तीपर्यंत आहे.

अमेरिकेत क्षमता वाढवण्याचे किट उघडपणे मिळतात, कंपन्याही ते विकतात. तिथे कळीचा प्रश्न उत्सर्जनाचा आहे. इंजिनाची कामगिरी बदलणारी, पण उत्सर्जन वाढवणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे विकल्याबद्दल हार्ले-डेव्हिडसनने २०१६ मध्ये तेथील पर्यावरण यंत्रणेशी १ कोटी २० लाख डॉलरच्या दंडावर तडजोड केली होती.

मग ‘सीसी’ हा निकषच बदलायला हवा का?

सीसी हा निकष सरकारला सोयीचा आहे. बोअर आणि स्ट्रोक कळला की आकडा निघतो, त्यात वाद नसतो. पण सीसी म्हणजे शक्ती नव्हे, आणि चैनही नव्हे. यामाहा आर ३ चे इंजिन ३२१ सीसीचे आणि ४२ अश्वशक्तीचे. ते १८ टक्क्यांत बसते. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५२ सीसीची आणि ४० अश्वशक्तीची. तिला ४० टक्के. कमी शक्तीच्या बाइकवर जास्त कर. करामागचा हेतू ‘महागडी चैन’ रोखण्याचा असेल तर किंमत पाहायला हवी. सुरक्षेचा असेल तर शक्ती पाहायला हवी.

शक्तीवर आधारलेली व्यवस्था भारताला अनोळखी नाही. विजेवर चालणाऱ्या दुचाकींना सीसीच नसते. त्यांच्या तृतीय पक्ष विम्याचे टप्पे ३, ७ आणि १६ किलोवॅट असे शक्तीनुसारच ठरवले आहेत. पेट्रोलच्या बाइकसाठीही आरसीवर शक्तीचा आकडा धरून टप्पे आखणे अशक्य नाही. अर्थात, मोठ्या पिस्टनने शक्तीही बदलते, त्यामुळे निकष बदलून फसवणूक आपोआप थांबणार नाही. पण एका सीसीवर ४४ हजार रुपये टांगलेले असले, तर ते ओढून पाहण्याचा मोह वाढतो, एवढे नक्की.

तोवर मालकासमोरचे पर्याय साधे आहेत. ज्याला शक्ती हवी आहे त्याने ती शोरूममधून घ्यावी. जुनी बाइक जपायची असेल तर मूळ मापाच्या मर्यादेत दुरुस्ती करावी आणि बिले सांभाळावीत. आणि मोठ्या पिस्टनचा प्रयोग करायचाच असेल, तर तो रस्त्यावर न येणाऱ्या, केवळ ट्रॅकवर चालणाऱ्या बाइकवर करावा. आरसीवरचा आकडा हे मालकाने राज्याला, विमा कंपनीला आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिलेले निवेदन आहे. ते खरे ठेवण्याची जबाबदारी सध्या तरी तपासनीसापेक्षा मालकावरच अधिक आहे.